मागच्या रांगेला खांब ऐकू येऊ नये : दोन चॅनेलचं डिले युनिट लावताना

नाशिकच्या होळकर पुलाच्या कठड्याला टेकून खाली घाटावर कपडे धुणाऱ्या बाईकडे जरा वेळ बघा. पिळा दगडावर आपटतो तेव्हा काहीच ऐकू येत नाही, आणि हात पुन्हा वर गेला की 'थप्प' येतं. डिले युनिटची सगळी गरज या एका 'थप्प'मध्ये आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर चालतो. माणसाच्या मानाने हा वेग पुष्कळ झाला, पण वायरीतून धावणाऱ्या सिग्नलपुढे ती गोगलगायच.

आता त्याच घाटावर मे महिन्यातली वसंत व्याख्यानमाला डोळ्यांपुढे आणा. यशवंतराव महाराज पटांगण भरलेलं आहे, मंचाच्या दोन्ही बाजूंना मोठे बॉक्स, म्हणजे स्पीकर, आहेत, आणि मागच्यांना ऐकू जावं म्हणून तीसेक मीटरवर दोन खांबांवर आणखी दोन बॉक्स बांधलेत. वक्ता 'नमस्कार' म्हणाला. खांबावरच्या बॉक्समधून 'नमस्कार' त्याच क्षणी बाहेर पडतो, कारण तिथवर वायर गेली आहे. मंचावरच्या बॉक्समधला 'नमस्कार' हवेतून चालत चालत तिथे ८५ मिलिसेकंदांनी पोहोचतो. मागच्या माणसाला दोन नमस्कार मिळतात, आणि मिळून एकही नीट कळत नाही. आपण काय करतो, तर आवाज वाढवतो. मग दोन मोठे नमस्कार ऐकू येतात.

डिले युनिटने खांबाला तेवढा वेळ थांबवून ठेवायचं, बस. एकदा बसलं की मागच्या माणसाला वाटतं आवाज मंचावरूनच येतोय, आणि डोक्यावर बॉक्स आहे हे तो विसरून जातो. तो विसरला नाही तर आपलं काम अर्धवट राहिलं, असं मी धरतो.

दोन चॅनेल का

नवीन मुलं हमखास म्हणतात, एक चॅनेल डावा आणि एक उजवा, म्हणजे स्टिरिओ. तसं नाही. दोन चॅनेल असतात ते दोन वेगळ्या अंतरांसाठी. मोकळ्या मैदानात दोन्ही खांब सारख्या अंतरावर येतील असं कागदावर ठरतं, पण प्रत्यक्षात एका बाजूला पायऱ्या आडव्या येतात, झाड येतं, नाहीतर प्रसादाचा मंडप येतो. डावा खांब २८ मीटरवर आणि उजवा ३५ वर, असंच होतं. दोघांना एकच आकडा दिला तर एक बाजू बरोबर बसते आणि दुसऱ्या बाजूचे लोक कान टवकारून बसतात.

महाकवी कालिदास कलामंदिरासारख्या नाट्यगृहात हेच दोन चॅनेल वेगळ्या कामाला लावता येतात: एक बाल्कनीखालच्या रांगांच्या छोट्या बॉक्सना, दुसरा बाल्कनीच्या वरच्यांना. तिथेही दोन वेगळी अंतरं आहेत, म्हणून दोन चॅनेल.

युनिट म्हणजे रॅकमध्ये एका खणात बसणारी पेटी. मागे दोन इनपुट, दोन आउटपुट, बहुतेक तीन पिनांच्या एक्सएलआर जोडाचे, म्हणजे आपल्या भाषेत कॅनन. पुढे प्रत्येक चॅनेलला लेव्हलचे दिवे, बायपास (डिले न लावता सिग्नल सरळ सोडणारं बटण), म्यूट, आकडा बदलायची चकती किंवा बाणाची बटणं. बऱ्याच पेट्यांत 'लिंक' नावाचं बटण असतं, त्याच्याबद्दल पुढे येईल. काही युनिट एक इनपुट दोन्ही आउटपुटना देऊ शकतात. मिक्सरवर मोकळं आउटपुट एकच उरलं असेल तेव्हा याने निभावतं.

जोडणी

मुख्य बॉक्सचा सिग्नल या पेटीतून जाऊ द्यायचा नाही. मिक्सर ते मुख्य ॲम्प ही वाट सरळ ठेवा. पेटीत फक्त मागच्या खांबांचा सिग्नल घाला. पहिल्याच दिवशी कुणीतरी मेन लेफ्ट-राइटच्या दोन्ही कॅनन काढून पेटीत खुपसतो आणि म्हणतो, डिले लावला पण फरकच नाही. सगळंच सारखं उशिरा आलं तर फरक कसा पडणार?

मिक्सरवर मॅट्रिक्स, म्हणजे तयार मिश्रण वेगळं बाहेर काढणारी आउटपुटं, असतील तर त्यातली दोन घ्या, एक चॅनेल ए ला, एक बी ला. मॅट्रिक्स नसेल तर दोन ऑक्स (जादा आउटपुटं) चालतात, मात्र पोस्ट-फेडर हवेत, म्हणजे माइकची सरकपट्टी खाली ओढली की तीही खाली येणारी. प्री-फेडर राहिला तर तुम्ही सूत्रसंचालकाचा माइक खाली ओढाल, मुख्य बॉक्स गप्प होतील, आणि मागच्या खांबावरून तो शेजारच्याशी काय कुजबुजतोय ते शेवटच्या चार रांगांना ऐकू येईल. आउटपुट पी-३८, म्हणजे पाव इंची, जॅकचं असेल तर तीन वायरींचा, बॅलन्स्ड जॅक वापरा. तीस-चाळीस मीटरच्या साध्या वायरीवर जनरेटरची घरघर फुकटात मिळते.

सुरू करताना आधी मिक्सर, मग डिले, सगळ्यात शेवटी ॲम्प. बंद करताना उलट, ॲम्प आधी. डिलेची पेटी चालू-बंद होताना कधीकधी 'ठक्' करते, आणि ॲम्प चालू असला तर तो ठक् ट्विटर, म्हणजे बॉक्समधला बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, खातो.

लेव्हल लावताना वक्त्याला, निदान मदतनिसाला, खरोखर ज्या जोराने बोलणार त्या जोराने बोलायला लावा. पेटीवरचे हिरवे दिवे भरपूर हलले पाहिजेत, पिवळा मधूनच लागला तर चालेल, लाल कधीच नको. ही डिजिटल पेटी आहे. ॲनालॉगसारखी ती गोड फाटत नाही, चरचरते.

अंतर मोजा, डोळ्याने नको

डाव्या मुख्य बॉक्सपासून डाव्या खांबावरच्या बॉक्सपर्यंत टेप धरा. मग उजव्यापासून उजव्यापर्यंत. फायबरची ५० मीटरची टेप हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि ती या कामातली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. लेझरचं यंत्र बंद हॉलमध्ये फार छान, पण मे महिन्यात दुपारी चार वाजता घाटावर लाल ठिपका दिसायला नशीब लागतं. टेप विसरलात तर मांडववाल्याला एका गाळ्याची लांबी विचारा आणि गाळे मोजा. हॉलमध्ये फरशी मोजा. पावलांनी मोजायचं तर आपली दहा पावलं किती मीटर भरतात हे एकदा घरी मोजून ठेवा. 'माझं पाऊल तीन फूट' असं प्रत्येकाला वाटतं.

वायर ४० मीटर लांब आहे, तिचं काय धरायचं, हाही प्रश्न दर वेळी येतो. काही नाही. वायर गुंडाळून ठेवली तरी आकडा तोच राहतो. आपण हवेतलं अंतर मोजतोय.

आकडा काढणे

हवेतल्या आवाजाचा वेग तापमानावर ठरतो. ३३१ मध्ये तापमानाच्या ०.६ पट मिळवा, की मीटर प्रति सेकंद मिळतात. मेमधल्या संध्याकाळी घाटावर ३४ अंश असतील तर ०.६ गुणिले ३४ म्हणजे २०.४, आणि वेग झाला ३५१.४. आता अंतराला वेगाने भागून हजाराने गुणा:

डावा खांब, २८ मीटर : ७९.७ मिलिसेकंद
उजवा खांब, ३५ मीटर : ९९.६ मिलिसेकंद

फोनवरचा कॅल्क्युलेटर पुरतो. एवढंही नको असेल तर मीटरला २.९ मिलिसेकंद हा ठोकताळा लक्षात ठेवा. तो २० अंशांना बरोबर आहे, उन्हाळ्यात किंचित जास्त पडतो, आणि थोडं जास्त पडलेलं इथे सोयीचंच असतं. का ते पुढे सांगतो.

नाशिकच्या हवेत तापमानाचा फरक किती पडतो? डिसेंबरातली पहाट घ्या. ८ अंशांना वेग ३३५.८ वर येतो आणि त्याच ३५ मीटरला १०४.२ मिलिसेकंद लागतात. मे आणि डिसेंबरात साडेचार मिलिसेकंदांचा फरक. मागच्या वर्षीचा आकडा तसाच ठेवला तरी आभाळ कोसळत नाही, पण खांब १०० मीटरवर असेल तर हाच फरक १३ मिलिसेकंद होतो, आणि तिथे तो लक्षात घ्यावा लागतो. एकाच संध्याकाळी ३६ वरून २८ वर तापमान उतरलं तर ३५ मीटरला जेमतेम दीड मिलिसेकंद बदलतो. कार्यक्रम चालू असताना त्यासाठी पेटीला हात लावू नका.

पेटीत आकडा भरताना

आकडा तीन प्रकारे भरता येतो: मिलिसेकंद, मीटर किंवा फूट. मीटर-फूट निवडलं तर बऱ्याच पेट्या तापमानही विचारतात आणि हिशेब स्वतः करतात. मी मिलिसेकंदच वापरतो, आणि त्याला कारण आहे.

गंगापूर रोडवरच्या एका लॉनवर लग्नाआधीच्या संगीताचा कार्यक्रम होता. पेटी उधार आणलेली. मी ३५ फिरवला, खुशाल झालो, आणि चहाला गेलो. पेटी फुटांवर होती. ३५ फूट म्हणजे पावणेअकरा मीटर, म्हणजे तीसेक मिलिसेकंद. हवे होते शंभर. खांबावरचा आवाज मंचाच्या सत्तर मिलिसेकंद आधी पोहोचत होता, म्हणजे गाणाऱ्या मुलीचा आवाज डोक्यावरून यायचा आणि मग मागून तिची सावली. शेवटच्या टेबलवरचे एक काका मंचाकडे पाठ करून खांबाकडे तोंड करून बसले होते. मी समजलो, त्यांना उकडतंय. नंतर कळलं की त्यांना गाणं जिथून येतंय तिकडेच बघायचं होतं. मला अजून त्यांची पाठ आठवते.

तर आधी एकक बघा. मग 'लिंक' बंद आहे ना ते बघा. लिंक चालू असेल तर बी वर ९९.६ भरलं की ए सुद्धा मुकाट ९९.६ होतो, आणि दिवा एवढासा असतो की दिसत नाही. ए भरा, बी भरा, आणि पुन्हा ए वर जाऊन तो होता तिथेच आहे का ते बघा. शेवटी बायपास बंद आहे ना तेही तपासा. दिवा लागलेला म्हणजे बायपास चालू की डिले चालू, हे प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने ठरवते. बोट ठेवून एकदा आवाज ऐकून खात्री करा.

टिपऱ्यांची परीक्षा

आकडा गणिताने आला, आता तो कानाने तपासायचा. माझ्याकडे दांडियाच्या टिपऱ्यांची एक जोडी पेटीसोबतच असते. मदतनीस मंचावरच्या माइकसमोर टिपरी वाजवतो, सेकंदाला एक, सावकाश. मेट्रोनोमचं ॲप मिक्सरला लावलं तरी चालतं, फक्त वेग कमी ठेवा. ठेका जलद असला की एका ठोक्याची जोड पुढच्या ठोक्याशी लागते आणि फसगत होते.

तुम्ही डाव्या खांबाच्या मागे, खांब आणि डावा मुख्य बॉक्स यांच्या सरळ रेषेत, पाचसहा मीटरवर उभे राहा. उजवा खांब म्यूट. डाव्या खांबाचा आवाज तात्पुरता असा लावा की मंचावरून येणारा ठोका आणि खांबावरचा ठोका तुमच्या जागी सारखे वाटतील. हे महत्त्वाचं आहे, एक फार मोठा असेल तर दुसरा ऐकूच येत नाही. आता ऐका. 'टक-टक' असं दुहेरी येत असेल तर आकडा चुकलाय. खांबावरचा आधी येत असेल तर वाढवा, नंतर येत असेल तर कमी करा. जवळ आलं की 'टक-टक'चं 'टर्र' होतं, मग 'टक्' जरा जाड लागतो, आणि मग एकच कोरडा 'टक्'. तिथे थांबा. तो आकडा गणिताच्या आकड्याच्या दोनतीन मिलिसेकंद इकडेतिकडे असेल तर उत्तम. दहा-वीसने वेगळा आला तर टेप चुकली आहे किंवा एखाद्या पॉवर्ड (आतच ॲम्प असलेल्या) बॉक्सच्या आतला प्रोसेसर स्वतःचा उशीर लावतोय. कानावर विश्वास ठेवा, पण टेप पुन्हा एकदा धरा.

मग त्या आकड्यात १० मिळवा. माझे घाटावरचे आकडे त्यामुळे ९० आणि ११० होतात.

हे दहा कशाला? दोन सारखे आवाज थोड्याशा अंतराने कानावर पडले, तर मेंदू दिशा पहिल्याची धरतो आणि दुसऱ्याला त्यातच मिसळून टाकतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ च्या आपल्या प्रबंधात हे बोलण्याच्या बाबतीत तपासलं, म्हणून याला हास इफेक्ट म्हणतात. गंमत अशी की मागाहून येणारा आवाज पहिल्यापेक्षा बराच मोठा असला, काही परिस्थितीत दहा डेसिबलपर्यंत, तरी दिशा पहिल्याचीच वाटते. म्हणजे मंचावरून दुबळा झालेला आवाज आधी पोहोचू द्यायचा, त्याच्या पाठोपाठ खांबाने त्याला बळ द्यायचं. दहा-पंधरापर्यंत हे छान चालतं. तीसच्या पुढे शब्दांच्या कडा पुसट होतात आणि पन्नासच्या आसपास बोलण्यात सरळ प्रतिध्वनी ऐकू येतो. म्हणून 'दहाने बरं वाटतंय तर चाळीस देऊ' हा विचार करू नका.

ही युक्ती डिजिटल पेट्यांच्या कितीतरी आधीची आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये फिरत्या चुंबकीय तबकडीवर आवाज उमटवून, पुढे बसवलेल्या हेडने तो उशिरा वाचून, लांबच्या स्पीकरना दिला जायचा. पहिली विकत मिळणारी डिजिटल पेटी १९७१ ची, लेक्सिकॉन डेल्टा टी-१०१.

खांबाच्या पुढे बसलेल्यांचं काय

वरचं सगळं खांबाच्या मागे बसलेल्यांसाठी खरं आहे. खांब आणि मंच यांच्या मध्ये जे बसलेत, त्यांच्यासाठी डिले उलटा पडतो, आणि हे कुणी सांगत नाही. डावा खांब २८ मीटरवर आहे. त्याच्या दहा मीटर पुढे बसलेल्या बाईंना मंचाचा आवाज १८ मीटर चालून येतो. खांबाचा आवाज आधी २८ मीटरएवढा थांबतो आणि मग उलटा दहा मीटर चालतो. फरक वीस मीटरचा, म्हणजे ५७ मिलिसेकंद, वर आपण मिळवलेले दहा. त्यांना प्रतिध्वनी ऐकू येणारच. मंचावरच्या वक्त्यापर्यंत तर खांबाचा आवाज, ते दहा धरून, १७० मिलिसेकंद उशिरा परततो. स्वतःचेच शब्द एवढ्या उशिराने कानावर आले की चांगला बोलणाराही अडखळतो.

याला डिलेच्या चकतीत उपाय नाही, बॉक्सच्या तोंडात आहे. खांबावरचा बॉक्स मंचाकडे पूर्ण पाठ करून, तोंड जरासं खाली, मागच्या रांगांवर रोखलेला हवा. चारी दिशांना तोंडं केलेले भोंगे या कामाला घेऊ नका. यात्रेत 'हरवले आहेत'ची घोषणा खांबोखांबी एकमेकींच्या अंगावर कशी पडते ते ऐकलंच असेल. शिवाय मागच्या बॉक्सचा बेस १२०-१५० हर्ट्झच्या खाली कापून टाका. खालचा आवाज बॉक्सच्या पाठीमागूनही पसरतो आणि मंचाचा बेस तसाही मागपर्यंत येतोच.

घाटावरच्या दगडी पायऱ्या आणि समोरच्या मंदिरांच्या भिंती आवाज परत फेकतात, तो परतलेला आवाजही डिलेने सुटत नाही. तिथे बॉक्स खाली वळवणं एवढंच हातात आहे. (पावसाळ्यात हा प्रश्नच येत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी चढलंय ते बघत बसायचं, पटांगणात माइक कोण लावतोय.)

मागचा आवाज किती

आता खांबाची लेव्हल पुन्हा खाली आणा आणि हळूहळू वर न्या. शेवटच्या रांगेत उभे राहून मदतनिसाला खांब म्यूट करायला सांगा. 'अरे, गेला' असं वाटलं पाहिजे. म्यूट काढल्यावर मात्र 'खांबावरून आला' असं वाटता कामा नये, नुसतं 'आला' वाटलं पाहिजे. या दोहोंच्या मधली जागा लहान असते, पण सापडते. नवखे लोक नेहमी दोनतीन डेसिबल जास्त ठेवतात. मीही ठेवायचो.

खांब नीट बसले की मंचाचे बॉक्स उतरवता येतात, आणि हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, म्हणून एरवी मागच्यांसाठी पुढच्या रांगेचे कान फोडावे लागतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. जवळ दवाखाना किंवा शाळा असेल तर त्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेले असू शकतात. पोलीस येतात ते बहुधा पुढच्या बॉक्सच्या आवाजावर येतात.

मंचामागे एलईडी पडदा असेल तर एक वेगळीच भानगड होते. कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर दोनतीन फ्रेम उशिरा येतं, आणि सेकंदाला २५ फ्रेम असताना एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. मागच्या रांगांना ओठ आणि आवाज यांचं आपोआप जमतं, कारण आवाजही उशिरा पोहोचतो. यासाठी खांबाच्या आकड्याला हात लावू नका. थेट प्रक्षेपणात मात्र चित्र उशिरा असेल तर तेवढाच उशीर प्रक्षेपणाच्या आवाजाला द्यावा लागतो, आणि तिथे ही दोन चॅनेलची पेटी डावी-उजवी म्हणून, लिंक चालू ठेवून, वापरायची. लिंक बटणाचा खरा उपयोग तो.

सगळं बसलं की पेटीच्या मेमरीत साठवा आणि पुढचं पॅनल लॉक करा. जनरेटर बदलताना वीज क्षणभर जाते, आणि काही जुन्या पेट्या उठताना शून्यावर उठतात. लॉक न केलेल्या चकतीला सत्काराचा हार ठेवणाऱ्या माणसाची बाही लागते, हेही पाहिलंय.

मी पेटीच्या झाकणावर कागदी चिकटपट्टी लावतो आणि पेनाने लिहितो: 'गोदाघाट, मे, ३४°, डावा २८ मी. ९०, उजवा ३५ मी. ११०'. पुढच्या वर्षी पट्टी वाचतो, आणि तरीही टेप धरतो, कारण उजवा खांब मांडववाला दर वर्षी नव्या जागी रोवतो.